लाउलास्माच्या पाइनवनात ‘स्टाबात मातेर’

टाल्लिनहून पश्चिमेला निघालेली बस शहराबाहेर पडली आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना पाइनची झाडं सुरू झाली. सुमारे ३५ किलोमीटरवरचं लाउलास्मा हे एस्टोनियातलं समुद्रकाठचं गाव. संगीतकार आर्वो पॅर्ट यांच्या हस्तलिखितांचा संग्रह असलेलं केंद्र २०१८पासून इथल्या रानात उभं आहे. मला इथवर आणलं ते त्यांच्या एका रचनेनं, ‘स्टाबात मातेर’नं.

मूळ स्तोत्र लॅटिन, तेराव्या शतकातलं. क्रुसापाशी उभ्या असलेल्या मारियेचा शोक वीस कडव्यांत, प्रत्येक कडवं तीन ओळींचं. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर ते उपासनेतून वगळलं गेलं आणि १७२७मध्ये परत आलं. पर्गोलेसी, रॉसिनी यांनी त्याला चाली दिल्या. ड्वोर्झाकनं तर स्वतःची तीन मुलं गमावली त्याच काळात ते संगीतबद्ध केलं.

केंद्राची इमारत ठेंगणी. पातळ पांढरे खांब झाडांच्या बुंध्यांसारखे विखुरलेले, मधेमधे काचेनं वेढलेली अंगणं, त्यांतल्या एकात छोटंसं ऑर्थोडॉक्स प्रार्थनाघर. पॅर्ट त्याच पंथाचे. ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे जाहीर करणाऱ्या ‘क्रेडो’ या १९६८च्या रचनेमुळे सोव्हिएत सत्तेची त्यांच्यावर खप्पामर्जी झाली. पुढची काही वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं. जुनं ग्रेगोरियन गायन अभ्यासलं, वह्यांमागून वह्या भरल्या. १९७६मध्ये त्यांना आपली पद्धत सापडली: टिंटिनाबुली.

तिचा नियम साधा आहे. एक आवाज स्वरसप्तकात पायरीपायरीनं चालतो. दुसरा फक्त मूळ त्रिस्वरातले सूर घेतो. आपल्याला तंबोरा आठवेल. पण तंबोऱ्याची तार आपल्या जागी राहते. इथे सोबतीचा सूर चालीच्या प्रत्येक पावलाबरोबर नव्यानं निवडला जातो.

१९८० साली पॅर्ट यांना देश सोडावा लागला. ‘स्टाबात मातेर’ लिहिलं गेलं १९८५मध्ये, आल्बान बेर्ग या संगीतकाराच्या जन्मशताब्दीसाठी: तीन गायक आणि तीन तंतुवाद्यं, बस्स.

केंद्राच्या आवारातल्या मनोऱ्यावर चढले होते; तिथून खाली उतरून मी किनाऱ्याकडे गेले आणि वाळूत बसून ते हेडफोनवर ऐकलं. तंतुवाद्यं संथपणे खाली उतरत येतात. शब्द सुरू व्हायला चांगलाच वेळ जातो. कडव्यांच्या गटांमध्ये वाद्यांचे चपळ तुकडे येतात, पण आवाज कुठेही हंबरडा फोडत नाहीत. शोकाला असं काटेकोर बांधून ठेवल्यामुळेच तो असह्य होतो, असं माझं ठाम मत आहे. ड्वोर्झाकचा भव्य वाद्यवृंदही मला इतका हलवत नाही.

२००८मध्ये पॅर्ट यांनी याच रचनेला गायकवृंद आणि तंतुवाद्यवृंदासाठी नवं रूप दिलं. ते भारदस्त आहे. तरी सुरुवात मूळ रूपापासूनच करा. हिलियर्ड आँसाम्बलच्या गायकांनी गिडोन क्रेमर यांच्या व्हायोलिनसह केलेलं ध्वनिमुद्रण १९८७च्या ‘आर्बोस’ या अल्बममध्ये आहे.