वखारीतल्या बायका

निपाणी म्हटले की तंबाखू आणि तंबाखू म्हटले की वखार. वखारीत तंबाखू कुटणे, चाळणे, चाकीवर भरडणे ही कामे आपल्या भागातील बायकांनी वर्षानुवर्षे केली. नाकातोंडात जाणारी धूळ, तुटपुंजी मजुरी आणि वर मालक-मुकादमांची वाईट नजर. नावे मात्र ठेवली गेली ती बाईलाच. ‘वखारीतली’ म्हणताना चारचौघांचे ओठ मुडपत. तिच्यासारखाच तंबाखू हाताळून घरी विड्या वळणारी ती घरंदाज, आणि वखारीची पायरी चढणारी ती ‘तसली’! त्यांत देवदासी म्हणून सोडलेल्याही होत्या. त्यांना कामगार म्हणावे, असे कोणास सुचत नसे.

१९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या बायकांची संघटना उभी राहिली. १९८२ मध्ये दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने त्यांच्या लढ्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. मजुरीची मागणी त्यांनी केलीच. पण वखारीत होणारी छेडछाडही त्या उघड बोलल्या. मला हे अधिक मोलाचे वाटते. एकटीने तोंड उघडले, तर बदनामी तिचीच. घरी कळले, तर उद्यापासून काम बंद. म्हणून ती गप्प राही आणि ती गप्प म्हणून त्रास देणारा निर्धास्त. शेकडो जणी एकदम बोलू लागल्यावर बदनामी कोणाकोणाची करणार?

विडी-सिगार कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याने कारखान्यात बाईच्या कामाची वेळ सकाळी सहा ते सायंकाळी सात अशी बांधून दिली. हेतू संरक्षणाचा, परंतु छळाला अंधारच लागतो असे थोडेच आहे? वखारीत तो दिवसाउजेडी होत होता.

आज मुली शिकल्या. निपाणीच्या मुली अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात, म्हणजे सीमा ओलांडून महाराष्ट्रात, रोज जातात. त्याचे कोणास काही वाटत नाही. नोकरीचा विषय निघाला, की मात्र पालक म्हणतात, “सर, उद्यमबागेत नको. शाळेत कुठे लागली तर बघा.” त्यांची काळजी खोटी नाही. फाट्यावर उतरून अंधारातून घरी यायचे असते, आणि शेजारपाजारचे डोळे घड्याळाकडे असतात. परंतु या काळजीपोटी आपण प्रश्न विचारतो ते मुलीलाच.

ते कारखान्याला विचारावेत. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे तक्रार समिती हवी. ती आहे का? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? सुटल्यावर गाडीची सोय काय?

आणि एक गोष्ट घरातली. वखारीतल्या बाईला संघटनेचा आधार मिळाला, तेव्हा ती बोलली. आपल्या मुलीला तो आधार आधी घरात मिळायला हवा. घडले ते सांगितले, तर आपली नोकरी सुटणार नाही, एवढी खात्री तिला आईवडिलांकडून मिळाली पाहिजे.