एका संध्याकाळी दोन टेकड्या

कचेरी सुटल्यानंतर दोन टेकड्या चढून रात्र पडण्याआधी घरी परतता येते, हे पुण्याबाहेरच्या पाहुण्यांना खरे वाटत नाही. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हे सहज साधते. चौविहार पाळणाऱ्यांनी डबा आणि पाणी मात्र सोबत घ्यावे.

पहिली हनुमान टेकडी, फर्ग्युसन महाविद्यालयामागची. चढ लहान, पण स्थळ मोठे. 12 जून 1905 रोजी याच टेकडीवर नामदार गोखले यांनी स्वतः शपथ घेतली, तीन सहकाऱ्यांना दिली आणि सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी उभी राहिली. स्वतःसाठी द्रव्य मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, हे त्या शपथेतील एक कलम. अपरिग्रहाचे नाव न घेता घेतलेले ते व्रतच म्हणावे!

पश्चिमेला उतरले की सेनापती बापट रस्ता आडवा येतो. सायंकाळच्या गर्दीत तो ओलांडण्यास टेकडी चढण्याहून अधिक धीर लागतो. पलीकडे वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर, शहरातील सर्वांत उंच. जुन्या दगडखाणीत पाणी साठलेले असते. झुडपांतून मोरांची केका ऐकू येते.

याच टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता नेण्याचा प्रस्ताव आहे. त्याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. वाहतुकीचा प्रश्न खोटा नाही. रोज त्या कोंडीत मीही अडकतो. तरीही दोन टेकड्यांमध्ये एक रस्ता आधीच आहे, आणि तो ओलांडून आल्यावर दुसरा मला मान्य करवत नाही.