बीपी जॅकेटचं वजन

निवृत्त होऊन गावी परतलेला जवान कोणत्याही हुद्द्याचा असो, गावात तो 'मेजर'च असतो. नांदेड-लातुरात असे मेजर बँकेच्या दारात, दवाखान्याच्या गेटवर, भरती अकॅडमीच्या मैदानावर दिसतात. त्यांच्यातले काही राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मिरात राहून आलेले. त्याच शहरांत गेमसाठी, जाहिरातीसाठी, कधी नुसत्या हौसेनं संगणकावर सैनिकाचं थ्रीडी मॉडेल करणारी पोरं आहेत. हेल्मेट, जॅकेट, पाऊच, बूट, सगळं त्यांना हुबेहूब हवं असतं. ज्याला विचारायचं तो माणूस मात्र गेटवर खुर्ची टाकून बसलेला, आणि त्याला विचारायला कुणी जात नाही.

*

काम सोपं नाही. आधी नेटवरचे फोटो गोळा करायचे. ब्लेंडरमध्ये ढोबळ आकार उभा करायचा. झीब्रशमध्ये शिवणी आणि चुण्या कोरायच्या. कापड अंगावर कसं पडतं ते मार्व्हलस डिझायनरमध्ये बघायचं. शेवटी सबस्टन्स पेंटरमध्ये धूळ, ओरखडे, उडालेला रंग. एकेका पाऊचवर दिवस जातो. पण हाताशी असलेले फोटो बहुतेक संचलनातले, नाहीतर प्रदर्शनातल्या पुतळ्याचे. त्यांत जवान ताठ उभा असतो. गोळीबार सुरू झाल्यावर ताठ कोण उभं राहतं?

*

लोहा तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांना असं एक मॉडेल दाखवलं. त्यांनी बंदुकीकडं पाहिलं नाही, चेहऱ्याकडंही नाही. म्हणाले, "याला पालथं झोपव बरं." पोरानं झोपवलं. पोटावर एकावर एक रचलेल्या पाऊचांमुळं तो जवान जमिनीपासून वीतभर वर राहिला. "बघ, डोकं किती वर यायलंय. असा झोपला की गेलाच." मग विचारलं, "पाणी कुठं ठेवलास?" मग, "उजवा हात गेला तर मलमपट्टी डाव्या हातानं निघंल का?"

तिन्ही प्रश्न वापराचे होते, दिसण्याचा एकही नव्हता. पोरानं पाऊच बाजूला सरकवले, पट्टीचा खिसा मधोमध आणला, आणि मॉडेल एकदम खरं वाटायला लागलं. ओरखडे मारून जे साधलं नव्हतं ते दोन खिसे हलवून साधलं.

*

नव्वदच्या दशकातल्या काश्मीरमधल्या भारतीय जवानाची खूण म्हणजे पटका. कपाळावर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जाड पोलादी पत्रा, तो कापडात शिवलेला, डोक्याभोवती आवळून बांधायचा. माथा उघडा. वजन अडीच किलोच्या आसपास. एके-४७ची गोळी अडवायची ही आपली सोय होती, दिसायला ओबडधोबड. पुढं २०१७च्या सुमारास लष्करानं कानपूरच्या एमकेयू कंपनीकडं १ लाख ५८ हजार नव्या हेल्मेटांची मागणी नोंदवली आणि पटका हळूहळू मागं पडत गेला. मॉडेलं करणाऱ्यांना हा पटका माहीतच नसतो. त्या काळातल्या जवानाच्या डोक्यावरही ते अमेरिकी कमांडोचं हेल्मेट चढवतात, कारण त्याचे फोटो भरपूर आणि चांगले मिळतात.

*

संगणकात सगळं बिनवजनाचं. २०१८मध्ये लष्करानं १ लाख ८६ हजार बुलेटप्रूफ, म्हणजे बीपी, जॅकेटांचा ६३९ कोटींचा करार केला. पुढच्या, मागच्या आणि बाजूच्या प्लेटा घालून असं जॅकेट दहा-अकरा किलोंच्या घरात जातं; त्याआधीची जॅकेटं याहून जड होती. लातूरच्या आडतीतून दहा किलो तूरडाळ घ्यावी, छातीपाठीवर आवळून बांधावी आणि मे महिन्यात दिवसभर डोंगर चढावा, म्हणजे काय ते कळेल. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं सप्टेंबर २०२४मध्ये 'अभेद' नावाची जॅकेटं पुढं आणली. त्यांचं कमीत कमी वजन संरक्षणाच्या पातळीप्रमाणं ८.२ आणि ९.३ किलो आहे. एखादा किलो कमी झाल्याची बातमी आपण वाचून सोडून देतो. मेजर लोक ती दोनदा वाचतात.

वजन मॉडेलमध्ये दाखवता येतं, पण ते चालण्यात. खांदे किंचित पुढं, कंबर थोडी ताठ, पावलं आखूड. थांबला की जवान अंगठे खांदेपट्ट्याखाली घालून जॅकेट क्षणभर वर उचलतो, वारा आत घेतो. ही लकब कुठल्याही संचलनात दिसत नाही.

*

जॅकेटच्या आतलं थोडं. गोळी अडवणारी कडक प्लेट बहुधा दोन थरांची असते. पुढं सिरॅमिक, म्हणजे ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड. मागं खास पॉलिथिलीनचे किंवा अरामिड धाग्यांचे दाबून बसवलेले थर. सिरॅमिक गोळीचं टोक फोडतं आणि फोडताना स्वतःही तडकतं. मागचे थर तुकडे धरून ठेवतात. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅमच्या आसपास, बोरॉन कार्बाइडची अडीच. हलकेपणा इथून येतो. पण सिरॅमिक तडकतं, म्हणून प्लेट आपटायची नाही असा दंडक असतो. बाहेरून जॅकेट कोरं करकरीत आणि आत प्लेटला तडा, असं होऊ शकतं. मॉडेल करणारा कापड फाटलेलं दाखवतो. जवानाला भीती न दिसणाऱ्या तड्याची.

*

गोळी आरपार गेली नाही म्हणजे माणूस सुखरूप, असंही नाही. धक्का आत पोचतो, बरगड्या मोडतात. चाचणीत जॅकेटच्या मागं चिकणमातीसारखा मऊ गोळा ठेवतात आणि गोळी लागल्यावर त्यात किती खोल खड्डा पडला ते मोजतात. अमेरिकेच्या मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. आपल्याकडं २०१८पासून भारतीय मानक ब्यूरोचं स्वतःचं मानक आहे, आयएस १७०५१.

पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये मेजर अनुप मिश्रा यांनी 'सर्वत्र' नावाचं जॅकेट तयार केलं. त्यांच्या स्वतःच्या जॅकेटवर गोळी बसली होती. ती आत शिरली नाही, पण मार शरीराला लागला. डिसेंबर २०१९मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ज्याच्या छातीला तो धक्का ठाऊक आहे त्यानंच आराखडा काढला, हे मला जॅकेटाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

*

२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांना हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. गोळ्या मान आणि खांद्याच्या मधल्या भागात लागल्या, जिथं जॅकेट नव्हतं. नंतर ते जॅकेटच सापडेना. त्यांच्या पत्नी कविता करकरे माहिती अधिकारातून त्याचा माग काढत राहिल्या, तेव्हा ते रुग्णालयाच्या कचऱ्यात गेल्याचं सांगण्यात आलं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली. साताऱ्याच्या केडंब्याचे ओंबळे आधी लष्करात होते, निवृत्त होऊन पोलिसात आलेले. हातात काठी, अंगावर साधा गणवेश. मराठी माणसानं संरक्षक साधनांवर बोलावं तर सुरुवात या दोन नावांपासून करावी लागते. जॅकेटची कड कुठं संपते, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं, हे दोन्ही प्रश्न त्या रात्रीचे आहेत.

*

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं जपलेली आहेत, त्यांत रत्नजडित पोलादी ढालही आहे. गुरूंचं निर्वाण १७०८ साली इथंच झालं. शीख पलटणीतले आजी-माजी जवान इथं माथा टेकायला येतात, आणि डोक्याचं संरक्षण हा त्यांच्याशी बोलताना नाजूक विषय असतो.

जानेवारी २०२३मध्ये लष्करानं शीख जवानांसाठी १२,७३० हेल्मेटं घेण्याची प्रक्रिया सुरू केली. एमकेयूनं त्याआधीच पगडीखालच्या कापडी पटक्यावर (वरच्या पोलादी पटक्याहून हा वेगळा) बसेल असं 'वीर' हेल्मेट दाखवलं होतं. केसांच्या गाठीसाठी मधोमध उंचवटा असलेलं. मापाच्या दृष्टीनं चोख काम. पण अकाल तख्ताचे तेव्हाचे जथेदार ग्यानी हरप्रीतसिंग आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं विरोध केला. दोन महायुद्धांत शीख सैनिक पगडीवर लढले, ती आमची ओळख आहे, असं त्यांचं म्हणणं. स्क्रीनवर उंचवटा काढणं तासाभराचं काम आहे. ज्याच्या डोक्यावर तो बसायचा त्याची संमती त्यात येत नाही.

*

शरीरं तरी कुणाची मोजतो आपण? निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं 'इंडियासाइज' नावाची पाहणी हाती घेतली. थ्रीडी स्कॅनरनं २५ हजार लोकांची मापं, देशातल्या सहा शहरांत. कल्पना उत्तम. कपड्याला ती मापं चालतील. बीपी जॅकेटला मात्र वाकलेल्या, धावणाऱ्या, पालथ्या पडलेल्या शरीराचं माप लागतं.

*

लष्कराचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२च्या सेनादिनी दिसला. त्याचं डिजिटल नक्षीचं कापड निफ्टच्या मदतीनं ठरलं. त्याच वर्षी लष्करानं ते डिझाइन नोंदवून स्वतःच्या हक्कात घेतलं. बाजारात शिवून विकणाऱ्यांना आळा, हा हेतू. हुबेहूब टेक्स्चर बनवून विकायला ठेवणाऱ्या पोरांनीही हे ध्यानात ठेवावं. गेम किंवा सिनेमासाठी नक्षी थोडी बदलून घेतलेली बरी.

*

हुबेहूबपणाची दुसरी बाजूही आहे. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत गेममधल्या चित्रफिती खऱ्या लढाईच्या म्हणून फिरल्या. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला, पीआयबीला, खुलासे करावे लागले. नांदेडच्या एका व्हॉट्सॲप गटातही तसला व्हिडिओ आला. त्या वेळी एका निवृत्त सुभेदारांचा एका ओळीचा निरोप आला: "गोळीबारात माणसं एवढी सरळ पळत नाहीत." त्यानंतर गटात कुणी तो व्हिडिओ पुढं पाठवला नाही.

*

उदगीर लातूर जिल्ह्यातलं. १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी तिथं निजामाला हरवलं, आणि त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. कडीला कडी गुंफलेलं चिलखत तलवारीचा वार झेलतं. तोफेपुढं त्याचा उपयोग नाही. मारा बदलला की कवच बदलावं लागतं. मारा कसा बदललाय ते आधी कळतं आघाडीवरच्या माणसाला, प्रयोगशाळेला नंतर.

*

म्हणून एक मागणी. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९८१पासूनची, आणि तिथं वस्त्रतंत्रज्ञान शिकवतात. केंद्राचं १,४८० कोटींचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियान २०२०मध्ये मंजूर झालं, आणि संरक्षक कापड हा तांत्रिक वस्त्रांचा एक मान्य प्रकार आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना ध्वजदिनाला, ७ डिसेंबरला, मेजर लोकांना नुसता नारळ-शाल देऊन परत पाठवू नका. त्यांना संगणकासमोर बसवा, हाती जुनं जॅकेट द्या, पट्टा कुठं रुतायचा, कुठला खिसा कधीच वापरला नाही, हे त्यांच्या शब्दांत रेकॉर्ड करा, मापं घ्या, चालणं टिपा. मॉडेल करणाऱ्या पोरांनीही त्या बँकेच्या दारातल्या खुर्चीजवळ थांबून आपला मोबाइल पुढं करावा आणि विचारावं, "मेजर, यात काय चुकलंय?" ते सांगतात, आणि बहुतेक वेळा पैसे घेत नाहीत, तुम्ही मात्र त्यांचं नाव कामाखाली घाला.