गडाखालची पेठ

दिवाळी जवळ आली की आमच्या इमारतीच्या आवारात, जेथे एरवी मोटारी उभ्या करण्यावरून भांडणे होतात, तेथे चार-आठ दिवस मातीचे राज्य येते. मुले किल्ला करतात. दगडविटा रचतात, त्यांवर गोणपाट टाकतात, चिखल थापतात, अळीव पेरतात, आणि वर सिंहासनावर महाराज बसले की खालच्या पायऱ्यांवर मावळे उभे राहतात. लहानपणी मुंबईच्या चाळीत आम्हीही हेच करीत होतो. फरक इतकाच, की आम्हांला माती चोरून आणावी लागे; आता ती पिशवीतून विकत येते.

गेल्या वर्षी या राज्याचे मुख्य कारभारी आमचे चिरंजीवांचे चिरंजीव होते. वय वर्षे बारा. या मुलाला एक नाद आहे. तो कल्पित साम्राज्यांच्या गोष्टी वाचतो. विटेएवढी जाड पुस्तके असतात, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर नकाशा. ते वाचून वाचून त्याने स्वतःचेच एक साम्राज्य काढले आहे. त्याला राजधानी आहे, समुद्र आहे, आणि पश्चिमेला एक डोंगररांग आहे. डोंगराच्या पायथ्याशी जिंकलेला मुलूख, आणि त्या मुलखात ठिपक्याठिपक्यांनी सरहद्दीवरची गावे.

"आजोबा, या गावांत कोण राहत असेल?" त्याने एका संध्याकाळी विचारले. "सैनिक तर गडावर राहतात."

मी त्याच्या नकाशाकडे पाहिले, मग मातीच्या किल्ल्याकडे. किल्ल्याच्या पायथ्याशी एक विहीर होती, एक वाघ होता आणि एक प्लॅस्टिकची गाय होती. घर एकही नव्हते.

"तुझ्या गडाला पेठ कुठे आहे?" मी विचारले.

"पेठ म्हणजे?"

पुण्यात जन्मलेल्या मुलाने हा प्रश्न विचारावा, याचे मला हसू आले. पण त्याचे बरोबर होते. त्याच्या लेखी पेठ म्हणजे जेथे मोटार लावायला जागा मिळत नाही असा भाग. आम्ही कोथरूडला पौड रस्त्यावर राहतो. पौड रस्त्यावर राहून पौड पाहिलेली माणसे किती, याची शिरगणती मी आमच्या मजल्यापुरती करून पाहिली आहे. आकडा एकावर थांबला, आणि तो एक मीच. आमचे मूळ घर पौडचे. तेव्हा वसुबारसेच्या आदल्या दिवशी मुलाला म्हटले, "चल, तुला सरहद्दीवरचे गाव दाखवतो," आणि त्याच्या बापाला गाडी काढायला लावली.

पिरंगुट सोडले की डोंगर जवळ येऊ लागतात. पौड हे आज मुळशी तालुक्याचे ठिकाण. कचेरी, बाजार, बसथांबा. पण या मुलखाचे जुने नाव मावळ. पौड मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे, अशी एकेका नदीच्या नावाची खोरी, आणि खोऱ्याखोऱ्याला देशमुख. मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर आपल्याला ठाऊक असतात ते शिवाजी महाराजांचे म्हणून; त्याआधी ही घराणी कोणाकोणाची चाकरी करून होती याचा विचार आपण करीत नाही. हा मुलूख निजामशाहीचा होता. १६३६ साली मोगल आणि विजापूरकर यांनी निजामशाही वाटून घेतली तेव्हा तो विजापूरकरांकडे गेला. मध्ये पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला होता, रान माजले होते. शहाजीराजांच्या कारभाऱ्यांनी लोकांना कौल देऊन परत बोलावले, सारा एकदम न घेता वर्षावर्षाने वाढवीत नेला, तेव्हा कुठे चुली पेटल्या. लांडगे मारून आणणाऱ्याला बक्षीस होते असे बखरी सांगतात.

नातू हे ऐकत होता, पण त्याचे लक्ष खिडकीबाहेर होते. आम्ही मुळशीच्या धरणाकाठाने चाललो होतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

ताम्हिणीच्या अलीकडे उजवीकडे वळून, भांबुर्ड्याच्या बाजूने लोणावळ्याच्या दिशेला निघाले, की सह्याद्रीचा अगदी कडा लागतो. इकडे घनगड, पुढे तेलबैलाच्या दोन उभ्या भिंती. तेथून सवाष्णीचा घाट आणि वाघजाईचा घाट खाली कोकणात उतरतात. मीठ, सुकी मासळी खालून वर यायची. धान्य वरून खाली जायचे. आणि जेथे माल चढतो तेथे जकात घेणारा बसतो, जकात घेणारा बसला की त्याच्या रक्षणाला गड येतो, आणि गड आला की त्याच्या पायाशी पेठ. कोरीगडाच्या पायाशी जे गाव आहे त्याचे नाव आजही पेठ शहापूर आहे. नावातच बाजार आणि बादशाही.

आज तेथे बाजार नाही. चहाची टपरी, वडापाव, शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्यांच्या मोटारी. आम्ही गड चढलो. पायऱ्या आहेत, माझे गुडघे तक्रार करतात इतक्याच. वर तटबंदी अजून चांगली शाबूत, दोन तळी, तोफा, आणि कोराईदेवीचे देऊळ. तटावरून खाली पाहिले तर तलाव आणि बंगले यांची एक आखीव नगरी दिसते. पैसेवाल्यांसाठी डोंगरात वसवलेले ते आंबी व्हॅली. नातवाला ती गडापेक्षा जास्त आवडली. मी त्याला दोष देत नाही. मलाही बाराव्या वर्षी तोफेपेक्षा आगगाडीच आवडत होती.

"आता बघ," मी म्हटले, "इथे हवालदार असे, सबनीस असे, कारखानीस असे. एकाच्या हाती सगळा गड राहू नये म्हणून कामे वेगवेगळ्या जातींच्या माणसांत वाटलेली. पण त्यांना भाकरी कोण देई? गवत कोण आणी? तटाबाहेरच्या मेटांवर रात्रभर जागे कोण राही? रामोशी, महार, कोळी. ती सगळी खालची माणसे. गडावरचे निशाण बदलले तरी गवताचा भारा त्याच वाटेने वर यायचा."

"मग ती कोणाच्या बाजूची?"

या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. १८१८ ची गोष्ट सांगितली. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांचा कर्नल प्रॉथर लोहगड, विसापूर घेऊन इकडे आला. मार्चच्या ११ तारखेपासून त्याने कोरीगडावर मारा केला. गडातल्या दारूच्या कोठारावर गोळा पडला, कोठार उडाले आणि १४ तारखेला गड गेला. पाठोपाठ घनगडही गेला. देवीचे दागिने इंग्रजांनी नेले आणि ते मुंबईच्या मुंबादेवीला चढले, असे इकडचे लोक सांगतात. गड पडला, हे इतिहासात लिहिलेले असते. गवताच्या भाऱ्याचे पुढे काय झाले ते लिहिलेले नसते. पिढ्यान्पिढ्या गडाच्या चाकरीवर जगलेली माणसे एका पावसाळ्यात निकामी झाली. कोल्हापूरकडे १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी बंड केले ते याच पोटाच्या प्रश्नातून. आणि इंग्रजांनी काय केले? पुण्याच्या कुशीला आपली छावणी वसवली. आपण तिला अजून लष्कर म्हणतो, आणि तेथे कपडे घ्यायला जातो.

ही चाल काही एकट्या इंग्रजांची नव्हे. इंग्लंडातच मँचेस्टर, लँकेस्टर अशी जी गावे आहेत, त्यांच्या नावांचे शेपूट म्हणजे रोमन सैन्याची छावणी. एकेकाळी तेच जिंकलेला मुलूख होते. उत्तर सरहद्दीवर व्हिंडोलांडा नावाचे एक रोमन ठाणे उकरून काढले आहे. तेथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडत आली आहेत. एका अधिकाऱ्याच्या बायकोने दुसरीला वाढदिवसाचे बोलावणे केले आहे. कोणी कोणाला पायमोजे पाठवल्याचे लिहिले आहे. आणि त्या रोमच्या सैन्यात रोमचे असे फारच थोडे. ऱ्हाईन नदीच्या मुखाकडचे बटावी लोक, त्यांना आधी रोमने जिंकले, आणि मग दुसऱ्यांना जिंकलेले ठेवण्यासाठी येथे आणून बसवले. नातवाला हे फार आवडले. तटावर बसून त्याने वही काढली आणि आपल्या साम्राज्यात तशी एक पलटण घातली.

परत येताना मुळशीच्या पाण्याजवळ गाडी थांबवली. हे मी आधीच ठरवले होते, आणि तरी तोपर्यंत सांगावे की न सांगावे असे चालले होते.

आमच्या घरात मुळशीची एक गोष्ट आहे. ती मी माझ्या मुलाला सांगितली तशी: मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळेवर धरण बांधायला घेतले, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला, बापट त्या लढ्याने सेनापती झाले, विनायकराव भुस्कुटे झटले, 'जान किंवा जमीन' अशी आण लोकांनी घेतली. माझ्या आजीचे माहेर पाण्याखाली गेले. तेव्हा आम्ही सत्याग्रहींच्या घरातले. येथपर्यंत गोष्ट खरी आहे. उरलेली अर्धी मी सांगत नसे.

आजीचे भाऊ सत्याग्रहात होते. आजोबा मोजणीच्या माणसांबरोबर होते. ते साहेब नव्हते, कारकूनही नव्हते. जमीन मोजायची लोखंडी साखळी असते, तिचे एक टोक धरून पुढे चालायचे, एवढेच काम. रोज मिळे. पौडच्या तरुणाला त्या दिवसांत दुसरा रोख पैसा नव्हता. त्या साखळीने त्यांनी कित्येकांची वावरे मोजली, आणि एका सकाळी सासऱ्यांचे मोजले. सासरे बांधावर उभे होते. त्यांनी जावयाला पाणी विचारले, असे आजोबाच सांगत. त्या पैशातून पौडला दोन खोल्या झाल्या, त्या खोल्यांत राहून माझे वडील सातवीपर्यंत शिकले, त्या सातवीवर त्यांना मुंबईच्या गिरणीत काम लागले आणि चाळीतल्या त्या खोलीत मी जन्मलो. "मी धरली नसती तर दुसऱ्यानं धरली असती," असे आजोबा म्हातारपणी मधूनच म्हणत, कोणी विचारलेले नसताना. आजीने त्यावर काही उत्तर दिलेले मी कधी ऐकले नाही. ती उठून आत जाई.

ती एकदाच मुंबईला आली, एका दिवाळीला. मी सातआठ वर्षांचा असेन. रात्री वडील तिला रस्त्यावर रोषणाई दाखवायला घेऊन गेले. तिने बराच वेळ वर पाहिले आणि म्हणाली, "ह्यो उजेड आपल्या मुळशीचा का रं?" वडील हो म्हणाले. त्यांना तरी काय ठाऊक. पण मुळेचे पाणी बोगद्यातून उलटे पश्चिमेला वळवून खाली कोकणात भिऱ्याला पाडतात, आणि १९२७ पासून तेथली वीज मुंबईला जाते, हे खरेच आहे. जी नदी भीमेला, कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राला जायची तिचे हे पाणी पश्चिमेला गेले. आजी म्हणाली, "लई हाय," आणि घरी चल म्हणाली.

सत्याग्रह का मोडला त्याची कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि सावकारांना मोबदला हवा होता. बापटांना पुढे सात वर्षांची सजा झाली. पण त्या कारणांत साखळी धरणारे कोठे बसतात ते मला अजून नीट कळलेले नाही. सावकाराला सावकार म्हणता येते. आजोबांना काय म्हणावे?

हे सगळे मी पाण्याकडे पाहत सांगितले. माझा मुलगा गाडीला टेकून उभा होता. त्याने चष्मा काढून पुसला. "बाबा, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत," एवढेच म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की नाही, मला सांगता येणार नाही. परतीच्या वाटेवर पिरंगुटपर्यंत तो गप्प होता. पन्नाशीच्या माणसाला आपल्या घराची गोष्ट दुरुस्त करून घ्यायला वेळ लागत असेल.

नातवाला मात्र एकच शंका होती. "साखळी किती लांब असते?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पणत्या लावायला खाली उतरलो तो किल्ल्याच्या पायथ्याची गाय आणि वाघ हलवलेले होते. तेथे काडेपेट्यांच्या घरांची एक वाकडीतिकडी ओळ झाली होती. एका घरावर 'वडापाव' अशी पाटी होती. ती मी इतिहासाच्या दृष्टीने सोडून दिली. ओळीच्या टोकाला एक मावळा होता. त्याची ढाल-तलवार काढून टाकलेली होती आणि हाताला पांढरा दोरा बांधलेला होता.

शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा उकिडवा बसून पाहत होता.

"हा कोण? शत्रूचा आहे का?"

"नाही. माझे खापरपणजोबा आहेत."

"मग वर गडावर ठेव ना."

"ते खालीच राहतात," आमचे चिरंजीव म्हणाले, आणि दोऱ्याचे दुसरे टोक बांधायला जागा शोधू लागले.