केटी, नसीब आणि फॉर्मची शेवटची तारीख

मुंबई विद्यापीठाचे निकाल लागू लागले की आमच्या कळंबमध्ये आठवड्याभरात कोणी ना कोणी मोबाईलवरचा निकाल नाहीतर मार्कशीटची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे येतंच. मी प्राध्यापक नाही. काही वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात काम केलं. परीक्षेचे फॉर्म घेतले, निकालाच्या याद्या बोर्डावर लावल्या, एवढीच माझी पात्रता. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेलंय, त्या घराला एवढीही ओळख पुरते.

येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "चाचा, नापास झालो." आणि कागद नीट वाचला की बऱ्याचदा कळतं, तो सरळ नापास झालेलाच नाही. त्याला एक-दोन केटी आहेत, किंवा निकाल राखून ठेवलाय, किंवा एका पेपरात गैरहजेरी लागलीय. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. घरी मात्र तिघांना एकच शब्द असतो, आणि त्या शब्दावर पुढचे निर्णय होतात. मुलगा असेल तर त्याला कामाला लावतात. मुलगी असेल तर स्थळं बघायला लागतात.

'केटी' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात. "अमक्याच्या पोराला केटी लागली." मूळ इंग्रजी शब्दांचा अर्थ मात्र जवळजवळ उलटा आहे : सत्र पुढे चालू ठेवण्याची मुभा. म्हणजे काही विषय राहिले असले तरी तू पुढच्या वर्गात बस, ते विषय मागाहून सोडव. ही सवलत आहे. पूर्वी मॅट्रिकला एक विषय गेला की आख्खी परीक्षा गेली असं होतं, त्या काळातल्या माणसाला ही मुभा सोन्यासारखी वाटली असती. आज तिची बदनामी होते, कारण तिच्या अटी कोणी वाचत नाही.

अटींचा सांगाडा साधा आहे. तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या सेमिस्टरला कितीही विषय राहिले तरी दुसऱ्या सेमिस्टरला बसता येतं. दुसऱ्या वर्षात जाताना मात्र मोजणी होते, ठरावीक संख्येपेक्षा जास्त विषय राहिले तर थांबावं लागतं. तिसऱ्या वर्षात जाताना आणखी एक चाळणी लागते : मागच्या दोन वर्षांपैकी एक वर्ष पूर्ण सुटलेलं पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी, सहाव्या सेमिस्टरचा निकाल आधीची पाचही सेमिस्टर सुटल्याशिवाय हातात मिळत नाही. किती विषयांची मुभा, हे अभ्यासक्रमाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलत आलंय. नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर तर मोठ्या भावाचा नियम धाकट्याला लागू होईलच असं नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, मित्राचं ऐकू नका, तुमच्या बॅचचं परिपत्रक मागा.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. बीएएफला होती, म्हणजे बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स. विनाअनुदानित कोर्स, फी दणदणीत. वडील बेकरीत कामाला. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला, तिच्या नावापुढे पास नव्हतं, नापासही नव्हतं. 'आर.एल.ई.' अशी तीन अक्षरं होती. तिच्या अब्बांनी मला रस्त्यातच थांबवलं. "भाई, पोरगी गेली. तीन वर्षं फी भरली. नसीबात नव्हतं. आता बस झालं." बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. त्यांच्या मनात हिशेब झालेला होता, आणि त्या हिशेबात पुढे लग्न होतं.

आर.एल.ई. म्हणजे खालची परीक्षा बाकी असल्यामुळे निकाल राखून ठेवला आहे. ती सहाव्या सेमिस्टरला सगळ्या विषयांत पास होती. राहिला होता दुसऱ्या सेमिस्टरचा एकच पेपर. त्या पेपरात लेखीला ७५ पैकी २२ आणि अंतर्गत परीक्षेला २५ पैकी ११. तिच्या अभ्यासक्रमात दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागत, म्हणजे लेखीला ३० आणि अंतर्गतला १०. अंतर्गत सुटलेलं होतं, ते मार्क तसेच पुढे धरले जाणार होते. तिला फक्त ७५ मार्कांचा एक पेपर पुन्हा द्यायचा होता.

तिला वाटत होतं, पूर्ण सेमिस्टर परत द्यावं लागेल. कॉलेजने केटीच्या फॉर्मची नोटीस लावली होती, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकली होती. पण ती ज्या ग्रुपवर होती तो तिसऱ्या वर्षाचा, आणि नोटीस गेली पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर. फोन आईचा, तो संध्याकाळी हातात यायचा. अशा दोन तारखा तिला न कळताच निघून गेल्या होत्या.

मार्कांचं गणितही मी तिला मांडून दाखवलं, कारण "दुसरीला २७ वर पास केलं, मला का नाही" हा प्रश्न तिच्या मनात तीन वर्षं होता. मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ५०४२-ए प्रमाणे प्रत्येक शीर्षाला थोडे ग्रेस मार्क मिळतात : ५० मार्कांपर्यंतच्या शीर्षाला २, त्यापुढे १०० पर्यंतच्या शीर्षाला ३. सगळे मिळून त्या परीक्षेच्या एकूण मार्कांच्या एक टक्क्याच्या आत. म्हणून २७ वाली पास झाली. ५०४४-ए हा दुसरा नियम, तो फक्त एकाच शीर्षात अडकलेल्यांसाठी : त्या शीर्षाच्या मार्कांचे १० टक्के किंवा एकूण मार्कांचा १ टक्का, यांतलं जे कमी असेल तितकी तूट भरून निघते, आणि तीही १० मार्कांच्या वर नाही. ७५ चे १० टक्के साडेसात, सातशेचा एक टक्का सात. तिला कमी होते आठ. एका मार्काने ती नियमाच्या बाहेर राहिली होती. कोणी तिच्यावर राग काढला नव्हता, कोणी दुसरीवर मेहेरबानी केली नव्हती. हे कळल्यावर ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मग चाचा, हे आधी कोणी का नाही सांगितलं?"

तिने पुढच्या सत्रात फॉर्म भरला, पेपर दिला, तो सुटला आणि सहाव्या सेमिस्टरचा राखलेला निकाल मोकळा झाला. अब्बांना पटवायला मला तासभर लागला होता. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे चूक नेहमी मुलांचीच. तसं नाही. निकाल लावणाऱ्यालाही नियम असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावावा. तो लागू झाला १ मार्च २०१७ला, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. पुरेशी तयारी नव्हती. पेपर स्कॅन होईनात, प्राध्यापकांना लॉगिन मिळेना, काही उत्तरपत्रिका सापडेनात. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. त्या वर्षी रमजान ईद झाली २६ जूनला, बकरी ईद २ सप्टेंबरला, आणि मधल्या काळात प्रत्येक दावतीत तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच प्रश्न : "निकाल लागला का?" बाहेरच्या विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांच्या जागा हातच्या गेल्या. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ला कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं.

मला त्या प्रकरणातून आठवते ती एक गोष्ट. त्या वर्षी शिकलेल्या घरांतली मुलं अनपेक्षित मार्क दिसताच पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला धावली. आमच्याकडची मुलं म्हणाली, "विद्यापीठाने दिले म्हणजे बरोबरच असतील." ज्या वर्षी यंत्रणेवर शंका घेण्याचं उघड कारण होतं, त्या वर्षीही आम्ही शंका स्वतःवर घेतली.

यात कोर्टाचा इतिहासही थोडा माहीत असावा, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. आपल्या राज्याच्या दहावी-बारावीच्या बोर्डाचा नियम होता की मार्कांची बेरीज पडताळून मिळेल, पण उत्तरपत्रिका बघायला मिळणार नाही आणि फेरतपासणीही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ साली तिथे जिंकलं. परितोष शेठ खटला म्हणून तो ओळखला जातो. थोडक्यात अर्थ असा की नियमात फेरतपासणी नसेल तर ती हक्काने मागता येत नाही. पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला, आणि ९ ऑगस्ट २०११ला सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क आहे. मधली २७ वर्षं कोणाच्या तरी चिवटपणाची आहेत. तो हक्क आज माझ्या मोहल्ल्यातल्या मुलालाही आहे, फक्त तो वापरायला त्याला मुदतीच्या आत अर्ज करावा लागतो.

सच्चर समितीने २००६ साली लिहून ठेवलंय. २००१च्या जनगणनेनुसार देशात विशी ओलांडलेल्यांत पदवीधर किंवा पदविकाधारक सुमारे ७ टक्के होते, मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. त्यामागे गरिबी आहे, शाळांची कमतरता आहे, भेदभाव आहे, हे सगळं खरं. पण माझ्या छोट्या अनुभवात आणखी एक गळती आहे जी कोणी मोजत नाही. कॉलेजच्या शेवटच्या पायरीवर पोचलेली, एका पेपराने अडलेली मुलं. त्यांना कोणी बाहेर काढलेलं नसतं. तीच घरी जातात आणि परत येत नाहीत. आणि हे फक्त आमच्या समाजाचं नाही. कळंब, राजोडी, भुईगाव या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांतूनही हाच कागद, हाच चेहरा माझ्याकडे आलाय. पहिल्या पिढीचा विद्यार्थी कुठल्याही जातीधर्माचा असो, त्याच्या घरात मार्कशीट वाचणारं कोणी नसतं.

विद्यापीठाचं परीक्षा भवन आहे कालिन्याच्या विद्यानगरीत. त्याला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव आहे. इथून जायचं तर आधी नालासोपारा स्टेशन, मग लोकलने सांताक्रूझ, मग पुन्हा बस किंवा रिक्षा. बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तिथे जाण्याआधी करायच्या गोष्टी मी मुलांना लिहूनच देतो.

पहिलं, निकालाच्या तळाशी खुणांचा खुलासा असतो, तो आधी वाचायचा. @ म्हणजे ग्रेस किंवा सवलतीचे मार्क. + म्हणजे मार्क पुढे धरले. # म्हणजे एनएसएससारख्या कामाबद्दलच्या ऑर्डिनन्स २२९चे मार्क. पेपर दिला असूनही गैरहजेरी लागली असेल तर हॉल तिकिटाची प्रत घेऊन त्याच दिवशी कॉलेजात जायचं, उद्यावर टाकायचं नाही. दुसरं, कोणता विषय, कोणतं सेमिस्टर, लेखी की अंतर्गत, हे एका कागदावर लिहायचं. तिसरं, मार्क अगदीच न पटणारे असतील तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि बेरीज बरोबर आहे का ते बघायचं, मग पुनर्मूल्यांकनाचा विचार. पण त्या निकालाची वाट बघत केटीचा फॉर्म सोडायचा नाही, दोन्ही भरायचं. चौथं, प्रत्येक पावती जपायची. आणि पाचवं, कॉलेजच्या ऑफिसात जाताना "मी नापास आहे" असं सांगत जायचं नाही. "माझा अमुक पेपर बाकी आहे, फॉर्म कधी निघणार?" असं विचारायचं. खिडकीपलीकडे मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो. पहिल्या वाक्याला सहानुभूती मिळते, दुसऱ्या वाक्याला तारीख मिळते.

आमच्या घरांत नसीब हा मोठा आधार आहे. वाईट दिवसांत त्या शब्दाने माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत, म्हणून त्याची टिंगल मला करवत नाही. पण उंटाला आधी खुंट्याला बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवणही आमच्या घराघरात सांगतात. परीक्षेचा फॉर्म हा त्या खुंट्याचाच प्रकार आहे. यंदाच्या थंडीत निर्मळच्या जत्रेची गर्दी सुरू होईल, साधारण त्याच सुमारास सेमिस्टरच्या परीक्षाही असतील. ज्यांचा एखादा जुना पेपर बाकी आहे त्यांनी जत्रेला जरूर जावं. पण त्याआधी कॉलेजात जाऊन फॉर्मची शेवटची तारीख विचारून यावी, आणि ती घरातल्या कॅलेंडरवर, सगळ्यांना दिसेल अशी, लाल पेनाने लिहावी.