तंजावरचे आजोळ : पानावर वाढलेला इतिहास

१/ राज्य लयास गेल्यावर त्याची भाषा कोठे राहते? दप्तरांत आणि शिलालेखांत, हे उत्तर खरे, पण अपुरे. पुण्याहून तंजावरला आजोळी गेलेल्या एका कुटुंबाचा सुटीतला एक दिवस त्यात भर घालतो. #धागा

२/ आधी पार्श्वभूमी. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्यामागून शिपाई, कारकून, कीर्तनकार आणि त्यांची कुटुंबे तेथे स्थिरावली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. माणसे मात्र तेथेच राहिली.

३/ अशाच एका घरातली मुलगी लग्न होऊन पुण्यास आली. या मे महिन्यात ती दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली. सकाळी मामाने भाच्यांना बृहदीश्वर मंदिर दाखवले. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या मंदिराच्या आवारात, भिंतीवर १८०३ चा मराठी लेख आहे : दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवलेला भोसले घराण्याचा इतिहास.

४/ थोरला भाचा एकेक शब्द लावत वाचू लागला. मामा घरी मराठी बोलतो. शिक्षण मात्र तमिळ व इंग्रजीतून झालेले. आपल्याच भाषेतला लेख तो भाच्याच्या तोंडून ऐकत उभा राहिला.

५/ दुपारी केळीच्या पानावर रसवांगी, पिटलै, डांगर पच्चडी आणि बोळी. तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तरिक्काय’ म्हणतात. रसवांगीतले ‘वांगी’ मराठी. बोळी म्हणजे आपली पोळी. उडदाचे डांगर महाराष्ट्रातही दह्यात कालवतात. पिटलै या नावात पिठले ऐकू येते, पदार्थ मात्र निराळा : कारले, तुरीची डाळ, चिंच, खोबरे.

६/ संभाजीराजांवरून ‘सांबार’ हे नाव पडले, ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिला समकालीन आधार मात्र नाही. त्याहून भक्कम पुरावा सरस्वती महाल ग्रंथालयात आहे : सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातील पाककृतींचा मराठी ग्रंथ, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’.

७/ जेवताना धाकटी नात हसली. “आजी, तू गाणं म्हटल्यासारखं का बोलतेस?” आई रागावली, आजी नाही. “तुझी आईपण अशीच बोलायची गं. पुण्यात लोक हसले, म्हणून सोडलं तिनं.” आई काही न बोलता ताक वाढू लागली. मुलांना हे प्रथमच कळत होते.

८/ येथे इतिहासाचे एक कठोर सत्य दिसते. परभाषेच्या मुलखात साडेतीनशे वर्षे टिकलेली बोली तिच्या स्वतःच्या मुलखात, थट्टेने, काही वर्षांतच मुकी होऊ शकते. प्रमाण मराठीच्या अभिमान्यांनी याचा विचार अवश्य करावा.

९/ मामाची कन्या मराठी समजते, उत्तर तमिळमध्ये देते. संध्याकाळी आजीने डांगराची कृती सांगितली आणि तिने ती वहीत उतरवली : शब्द मराठी, अक्षरे तमिळ. आत्याने शेजारी बसून एकदोन शब्द सुचवले, तेही माहेरच्या हेलात.

१०/ तुमच्या आजोळीही असा एखादा शब्द असेल, केवळ चुलीपाशी उच्चारला जाणारा. या सुटीत तो लिहून घ्या. ज्या लिपीत जमेल, त्या लिपीत. आणि कृपया, हसू नका.