रानांतील सभामंडप

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी सडक शहर मागें पडतांच रानांत शिरते. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि मधून मधून बांबूचीं बेटें ही संगत मग सुटत नाहीं. चैत्रांत गेल्यास सागाचीं पानें झडून गेलेलीं असतात आणि मोहाखालीं भल्या पहाटे टोपल्या घेऊन फुलें वेंचणारीं माणसें दिसतात. पावसाळ्यांत गेल्यास दहा पावलांपलीकडचें कांहीं दिसत नाहीं. सुमारें ३० किलोमीटरांवर, कठाणी नदीच्या जवळ, लेखा व मेंढा हीं जोडगांवें लागतात. त्यांपैकीं मेंढा हें शंभरएक उंबऱ्यांचें गोंडांचें गांव. वनहक्काच्या चळवळीमुळें त्याचें नांव बहुश्रुत वाचकांच्या कानांवर आलेलें असेलच. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें मात्र तेथील एका लांकडी वास्तूविषयीं, गोटुलाविषयीं.

गोटुल म्हटलें कीं शहरी सुशिक्षितांच्या मनांत भलभलत्या कल्पना उभ्या राहतात. व्हेरिअर एल्विन यांनीं बस्तरच्या मुरिया लोकांच्या गोटुलावर १९४७ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचणारे थोडे व त्यावरून कुजबुजणारे पुष्कळ, असा प्रकार झाला. मुरियांचें गोटुल हें तरुण मुलामुलींचें निवासस्थान व एका परीनें शिक्षणगृह होतें. गडचिरोलीकडील गांवांत त्याचा उपयोग अधिक व्यापक दिसतो. पाहुणा उतरावयाचा तो तेथें, तंटा तोडावयाचा तो तेथें, सणाचा दिवस ठरावयाचा तोहि तेथेंच. आपल्याकडे चावडी, धर्मशाळा आणि देवळाचा सभामंडप यांनीं वांटून घेतलेलीं कामें येथें एका छपराखालीं चालतात.

या भागांतील लांकडी बांधकामाची रीत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. आपल्या वाड्यांतील सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, त्यामुळें जमिनीची ओल त्यांत चढत नाहीं. रानांतील मंडपाचा खांब बहुधा सरळ जमिनींत पुरलेला असतो. लांकूड सर्वस्वीं कोरडें राहिलें तर पिढ्यान् पिढ्या टिकतें, सर्वस्वीं पाण्यांत बुडालें तरी टिकतें. तें कुजतें तें नेमकें जमिनीच्या रेषेशीं, जेथें ओल व हवा एकत्र मिळतात. म्हणून लांकडाची निवड हाच अशा इमारतीचा पाया होय. सागाचें बाहेरचें फिकट लांकूड वाळवी सुखानें खाते, आंतला तपकिरी गाभा मात्र तिला मानवत नाहीं. सबब खांबास जुनें, गाभा भरलेलें झाडच हवें. वरच्या सांगाड्यास बांबू चालतो. परंतु तोहि वाटेल तेव्हां तोडून चालत नाहीं. पावसाळ्यांत कोंब फुटत असतां बेटास हात लावावयाचा नाहीं, आणि एरवीं कोंवळ्या काठ्या सोडून तीन वर्षांवरील तेवढ्याच घ्यावयाच्या. तोडलेला बांबू कांहीं आठवडे पाण्यांत ठेविला म्हणजे आंतील पिष्ट निघून जातें व भुंग्याचें भय कमी होतें. छप्पर बरेंच खालीं उतरविलेलें असतें, तें केवळ सावलीसाठीं नव्हे. पावसाची झड खांबाच्या बुडाशीं पोंचूं नये ही त्यांतली खुबी. आणि छपराखालीं शेकोटी पेटली कीं तिच्या धुरानें वरच्या बांबूंचें किडीपासून आपोआप रक्षण होतें. हल्लीं प्रवाशांच्या करमणुकीसाठीं रानोमाळ जे मंडप उभे राहतात, त्यांत सिमेंटाच्या खांबांवर लांकडाच्या सालीचा रंग चढविण्याची हौस बोकाळली आहे. त्या हौसेपुढें हा धूर आम्हांस फार सुंदर वाटतो.

हें शास्त्र जुनें; मेंढ्याच्या गोटुलाचा इतिहास मात्र अर्वाचीन आहे. १९८० नंतरच्या वर्षांत इंचमपल्ली व भोपालपट्टनम या योजिलेल्या धरणांविरुद्ध या भागांत मोठी चळवळ झाली. त्या घुसळणींतून आपल्या रीतिभातींकडे नव्यानें पाहण्याची वृत्ति निर्माण झाली, आणि मेंढ्याच्या लोकांनीं लोपलेलें गोटुल पुन्हां उभारण्याचें ठरविलें. वहिवाटीप्रमाणें त्यांनीं रानांतून साग आणिला. कायद्याच्या दृष्टीनें हा अपराधच होता, आणि वनखात्यानें उभें झालेलें गोटुल पाडलें. गांवानें हात उगारला नाहीं. परंतु आजूबाजूच्या गांवांनींहि आपापल्या ठिकाणीं गोटुलें बांधण्याचा निर्धार केला. एक गोटुल पाडतां येतें. गांवोगांव तीं उभीं राहूं लागलीं म्हणजे कोणतेंहि खातें विचारांत पडतें. अखेर माघार खात्यासच घ्यावी लागली.

खात्याची बाजू अगदींच पोकळ होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं. साग हें सोन्याच्या मोलाचें लांकूड. सभागृहाच्या नांवानें आज कुऱ्हाड चालूं दिली तर उद्यां ती व्यापाऱ्याच्या नांवानें चालेल, ही भीति खोटी नव्हे. मेंढ्यानें तिचें उत्तर वादानें न देतां व्यवहारानें दिलें. रानांतून काय आणावयाचें, किती, व कोणासाठीं, हें गांवाची सभा ठरवूं लागली. देवाजी तोफा हे त्या गांवचेच, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सहकारी; पण निर्णय यांपैकीं कोणा एकाचा नसतो. तो सर्वानुमतें व्हावा लागतो; एकाचाहि विरोध असला तर विषय पुढें ढकलून पुन्हां चर्चा होते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही रीत परकी वाटूं नये. मात्र आपल्या घरांत सर्वांचें मत म्हणजे बहुधा वडिलांचें मत असे, आणि स्वयंपाकघरांतील मत विचारण्याची पद्धत फारशी नव्हती. मेंढ्याच्या सभेंत बायका बोलतात.

पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें सुमारें १,८०० हेक्टर रानावरील सामूहिक हक्काचा लेख १५ ऑगस्ट २००९ रोजीं मेंढ्यास मिळाला. तरी बांबू विकण्यास लागणारा वाहतूक-परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं यावयास २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठीं गांवांत आले होते. या कायद्यानें बांबू गौण वनोपजांत गणिला आहे, साग नाहीं. शाळा, दवाखाना, समाजमंदिर अशा सरकारी सोयींसाठीं ग्रामसभेच्या शिफारशीनें हेक्टरीं ७५ पर्यंत झाडें तोडतां येतात. पण गोटुल हें सरकारनें बांधलेलें नव्हे. म्हणजे बांबूच्या छपराचा प्रश्न सुटला, तें ज्यावर उभें राहतें त्या खांबाचा राहिलाच!

सागाचें झाड तोडलें तरी मरत नाहीं. बुंध्यापासून धुमारे फुटतात, आणि त्यांतला एक सरळ धुमारा राखून बाकीचे काढून टाकले तर तो बियांच्या रोपापेक्षां आरंभीं पुष्कळ जोमानें वाढतो. असें असलें तरी गाभा भरून तो खांबाजोगा होण्यास एका माणसाची उमर जाते. आज सभेंत आईच्या मांडीवर निजलेलें मूल म्हातारें होईल, तेव्हां कोठें तो गोटुलाच्या कामीं येईल.